उसाचं बिल, नवी गाडी आणि समाधानाचा हिशेब

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तेवढ्या काळात घर चालतं ते दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर आणि घरातल्या कुणाच्या तरी पगारावर. मग कारखान्यात मोळी पडते, तोड येते, आणि कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे खात्यावर यायला हवेत. कुठं ते एकरकमी येतात, कुठं पहिली उचल म्हणून. कऱ्हाड-वाळवा पट्ट्यात हा पैसा हलायला लागला की गाड्यांच्या शोरूममध्ये, सराफाच्या दुकानात आणि मंगल कार्यालयाच्या तारखांच्या वहीत तो लगेच दिसतो. तासगाव भागात बेदाण्याचे सौदे सुरू झाले की हेच होतं, आणि हळद सांगलीच्या यार्डात गेली की तिकडच्या घरांतही हेच.

दीड वर्ष वाट पाहून आलेला पैसा माणसानं खर्चूच नये, असं कोण म्हणेल? प्रश्न वेगळा आहे. त्या खर्चातून जे समाधान मिळेल असं वाटलं होतं ते फार दिवस टिकत का नाही, आणि एका घरानं केलेल्या खर्चाचा ताण शेजारच्या चार घरांवर का येतो? या दोन प्रश्नांवर गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ यांनी भरपूर काम केलं आहे. त्यातलं जे पक्कं आहे ते इथं आपल्याकडच्या उदाहरणांनी मांडतो.

चंगळवाद मोजतात कसा

चंगळवाद म्हणजे वस्तूंवरून आपली किंमत ठरवणं. तो मोजायला सगळ्यात जास्त वापरली जाणारी मोजपट्टी मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन या दोघांनी १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात १८ विधानं आहेत. प्रत्येकाला आपण किती सहमत आहोत ते पाच पायऱ्यांवर सांगायचं. विधानांचे तीन गट. पहिला यशाचा: माणूस किती पुढं गेला हे त्याच्याकडं काय आहे त्यावरून ठरतं का. दुसरा केंद्रस्थानाचा: खरेदी, वस्तू, त्यांचा विचार यांनी दिवसातली किती जागा व्यापली आहे. तिसरा सुखाचा: ‘अमुक एक वस्तू मिळाली की मी सुखी होईन’ हे किती मनापासून वाटतं.

या मोजपट्टीत तुमच्याकडं किती वस्तू आहेत, हे कुठंच विचारलेलं नाही. दारात तीन गाड्या असलेल्या व्यापाऱ्याचा आकडा कमी येऊ शकतो, आणि खिशात बसच्या पासाशिवाय काही नसलेल्या पोराचा भलता वर जाऊ शकतो. वस्तूत आपली किंमत किती अडकवली आहे, ते ही पट्टी मोजते. ‘हल्ली लोकांकडं फार वस्तू झाल्यात’ हे वाक्य म्हणूनच मुद्द्याला सोडून आहे. ते बहुधा अशा माणसाच्या तोंडी असतं ज्याच्या वस्तू आधीच घेऊन झालेल्या असतात.

टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांनी १९९३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. पैसा हवासा वाटणं एवढ्यानं बिघडत नाही. माणसं, गावाचं भलं, स्वतःशी जुळतं घेणं या बाकीच्या ध्येयांपेक्षा पैसा वरच्या नंबरला गेला की नैराश्य आणि चिंता जास्त दिसते, उमेद कमी दिसते. पुढं २०१४ मध्ये हेल्गा डिटमार, रॉड बाँड, मेगन हर्स्ट आणि कॅसर यांनी तोवरच्या अभ्यासांची मोट बांधली. वेगवेगळ्या लोकांचे २५९ स्वतंत्र नमुने त्यांनी एकत्र तपासले. वस्तूंची ओढ जास्त तिथं समाधान कमी, हे चित्र कायम राहिलं. सगळ्यात ठळक संबंध आवरता न येणारी खरेदी आणि स्वतःबद्दलचं वाईट मत यांच्याशी होता.

मात्र हा संबंध माफक आहे. याचा अर्थ चंगळवादी माणूस दुःखी असणारच असा होत नाही. हजारो लोकांत मिळून कल त्या बाजूला झुकतो, एवढाच होतो. शिवाय बाण दोन्हीकडून चालतो. एकटं पडलेलं, असुरक्षित वाटणारं माणूस वस्तूंकडं ओढलं जातं, आणि वस्तूंमागं लागलेलं माणूस हळूहळू एकटं पडतं.

सीटवरचं प्लास्टिक

नवी मोटारसायकल घरी येते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, गणपतीला किंवा खंडोबाला एक फेरी. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढायचं नाही, असा घरात नियमच असतो. पहिला आठवडा रोज फडकं फिरतं. महिन्यानंतर प्लास्टिक कडेनं फाटायला लागतं, कुणीतरी टाकीवर पहिला ओरखडा पाडतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाडी ही फक्त कामावर जायची गाडी उरते. हप्ता मात्र ३६ महिन्यांचा असतो.

मन सवय करून घेतं, आणि यात कुणाची चूक नाही. चांगल्या-वाईट बदलाला सरावणं हे मेंदूचं नेहमीचं काम आहे. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली. १९७८ मध्ये ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २२ लॉटरी विजेत्यांची तुलना आसपासच्या साध्या लोकांशी केली. विजेते फारसे जास्त सुखी आढळले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतून मिळणारा आनंद त्यांच्यात कमी आढळला. अभ्यास लहान होता, त्यावर इमला चढवू नये. पण मोठ्या आनंदानं छोटे आनंद फिके पडतात हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता याची दुसरी बाजू, जी उपदेश करणारे बहुतेक वेळा गाळतात. सगळ्याच गोष्टींची सवय होत नाही. सततचा आवाज, जुनं दुखणं, रोजचा लांबचा आणि बेभरवशाचा प्रवास यांना माणूस पुरता सरावत नाही. म्हणून जी वस्तू रोजचा त्रास काढून टाकते तिचं समाधान टिकतं. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत दारात पाण्याची टाकी बसली, नळ आला, की त्या घरातल्या बाईच्या दिवसाचे तास वाचतात, आणि ते दरवर्षी, दर उन्हाळ्यात वाचतात. गळणारं छप्पर बदलणं, चुलीच्या जागी गॅस येणं यांचंही तसंच. याला चंगळ म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

तेव्हा खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न असा: ही वस्तू कुठला त्रास काढते, की फक्त दिसते? पुष्कळ वस्तू दोन्ही करतात. मग किमतीतला किती भाग कशासाठी देतोय ते पाहावं. कामावर जायला साधी १०० सीसीची गाडी पुरत असेल आणि आपण तिच्या दुप्पट किमतीची घेत असू, तर वरची निम्मी रक्कम दिसण्यासाठी आहे. दिसण्यासाठी खर्च करणं गुन्हा नाही, फक्त तो त्या नावानं वहीत मांडावा.

पैशानं सुख वाढतं का, हा वाद वेगळा आहे आणि तो बराच मिटलेला आहे. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये म्हटलं होतं की अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरनंतर रोजच्या आनंदात भर पडत नाही. २०२३ मध्ये काहनेमन यांनीच मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्याबरोबर तो निष्कर्ष दुरुस्त केला: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर पुढंही वाढत राहतो, जे आधीपासून फार दुःखी आहेत त्यांचा एका टप्प्यावर थांबतो. म्हणजे पैसा असणं चांगलंच. त्याला आपली किंमत जोडून टाकणं नडतं.

शेजाऱ्याची गाडी

सवयीपेक्षाही जास्त नुकसान तुलना करते, आणि गावात तिच्यापासून सुटका नसते. पुण्या-मुंबईत शेजारी कोण राहतो ते माहीत नसतं. इथं कुणाच्या बांधाला किती टनेज पडलं, कुणाच्या पोरीला किती तोळे घातले, हे पारावर दुसऱ्या दिवशी माहीत असतं.

नेदरलँड्समध्ये पोस्टाच्या पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. अभ्यासाच्या काळात तिच्यात दर आठवड्याला एक छोटी वस्ती निघायची, तिथं ज्यांनी तिकीट घेतलंय त्यांना रोख रक्कम मिळायची आणि त्यांतल्या एकाला नवी बीएमडब्ल्यू. शेजारच्या घरात तिकीट नसेल तर त्याला शून्य. पीटर कून आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या वस्त्यांचा अभ्यास छापला. जिंकलेल्यांपैकी बहुतेकांनी ती गाडी विकून पैसे केले. पण ज्यांना काहीच मिळालं नव्हतं अशा लगतच्या घरांचा गाड्यांवरचा खर्च वाढला. त्यांच्या उत्पन्नात एक रुपयाचाही फरक पडलेला नव्हता. कॅनडातला असाच एक अभ्यास २०२० चा आहे: शेजाऱ्याला लागलेलं बक्षीस जितकं मोठं, तितकी आसपासच्या घरांत दिवाळखोरी जास्त. आपल्याकडं लॉटरीच्या जागी रस्त्याला गेलेल्या जमिनीचा मोबदला ठेवून पाहा. ज्याच्या गटातून रस्ता गेला त्यानं बंगला बांधला, आणि ज्याची जमीन शंभर फुटांनी हुकली त्यानं कर्ज काढून वरचा मजला चढवला, हे चित्र महामार्गाच्या कडेच्या कुठल्याही गावात बसतं.

सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांनी १९९८ मध्ये लोकांना एक साधा पर्याय दिला. तुम्हाला वर्षाला ५०,००० डॉलर आणि इतरांना २५,०००, की तुम्हाला १,००,००० आणि इतरांना २,००,०००? वस्तूंचे भाव दोन्हीकडं सारखेच. जवळपास निम्म्यांनी पहिला पर्याय घेतला. म्हणजे कमी चालेल, पण शेजाऱ्यापेक्षा जास्त हवं. याच लोकांना सुट्टीबद्दल तसाच प्रश्न विचारला तेव्हा इतरांपेक्षा जास्त म्हणून कमी सुट्टी घेणारे फार थोडे निघाले.

या दोन उत्तरांतच सगळी मेख आहे. जे दिसतं त्याची तुलना होते: घर, गाडी, दागिने, लग्न. जे दिसत नाही त्याची होत नाही: झोप, फुरसत, कर्ज नसणं, आईवडिलांची वेळेवर केलेली तपासणी, बँकेतली ठेव. तुलनेच्या शर्यतीत उतरलेलं घर दिसणाऱ्या गोष्टींसाठी न दिसणाऱ्या गोष्टी मोडतं. आणि सगळ्यांनीच मोडल्या की कुणीच पुढं जात नाही. सगळ्यांचीच लग्नं पाच लाखांनी महाग होतात आणि नंबर होते तिथंच राहतात.

लग्नाचं उदाहरण मुद्दाम घेतलं. फ्रान्सिस ब्लॉक, विजयेंद्र राव आणि सोनलदे देसाई यांनी आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या खेड्यांचा अभ्यास २००४ मध्ये मांडला. त्यांचं म्हणणं असं की थाटाचं लग्न ही गावाला दिलेली बातमी असते. परगावचं चांगलं स्थळ मिळालं तर त्या घराची ऐपत आपल्या गावाला माहीत नसते, ती मांडवातून कळवावी लागते. म्हणून लग्नाला उधळपट्टी म्हणून हसण्यात अर्थ नाही. त्या बापाला काहीतरी कळवायचं असतं आणि कळवायचं दुसरं साधन त्याच्याकडं नसतं.

खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात देशभर पसरली आहेत. त्यांनी गावाकडं बांधलेली घरं पाहिली तरी हे कळतं. दोन मजले, ग्रॅनाइटचा जिना, स्टीलचं रेलिंग, आणि वर्षातला बराच काळ दाराला कुलूप. धंद्याच्या गावी हेच कुटुंब कधीकधी दोन खोल्यांत राहत असतं. घर राहायला नाहीच, ते सांगायला आहे: दुष्काळात गाव सोडून गेलेलं पोरगं उभं राहिलं. दोन पिढ्या सोसल्यावर एवढं सांगावंसं वाटणं माणसाचं आहे. पण दुसऱ्यानं मग तीन मजले चढवले की पहिल्याचं सांगणं ऐकू येईनासं होतं.

हप्त्याचं खरं गणित

तुलना महाग का पडते ते समजायला फ्लॅट रेट समजावा लागतो. सातारा एमआयडीसीत महिना १६,००० रुपये हातात पडणारा मुलगा सव्वा लाखाची गाडी घेतो. २५,००० रोख, १ लाख फायनान्स, ‘फक्त १० टक्के फ्लॅट’, तीन वर्षं. व्याज वर्षाला १०,००० म्हणजे एकूण ३०,०००. हप्ता ३,६११ रुपये. फ्लॅटमध्ये व्याज सगळ्या मुदतीत पूर्ण १ लाखावर लागतं. मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर सुमारे १८ टक्के पडतो. दहा ऐकून अठरा भरले जातात. ‘घटत्या शिलकीवर दर किती?’ हा एक प्रश्न काउंटरवर विचारला तरी बरंच काम होतं.

पुढचं कुणी मांडतच नाही. रोज ३० किलोमीटर, लिटरला ५० चा अ‍ॅव्हरेज, महिन्याचे २६ दिवस: १५.६ लिटर. १०५ रुपये दरानं १,६३८ रुपये. सर्व्हिसिंग आणि विमा महिन्याला ५०० धरा. हप्ता धरून ५,७४९ रुपये, पगाराच्या ३६ टक्के. गाडीचे एकूण १,५५,००० रुपये म्हणजे त्याचे जवळजवळ पावणेदहा महिन्यांचे पगार. हीच गाडी एसटीच्या रोजच्या दोन तासांच्या खोळंब्यातून सोडवत असेल तर सौदा वाईट नाही. घरापासून कंपनी दोन किलोमीटर असेल तर मात्र त्यानं एवढी कमाई कशासाठी दिली ते त्यानंच ठरवावं.

लग्नाचं कर्ज याहून जड. ५ लाख, घटत्या शिलकीवर १४ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे ११,६३४, एकूण परतफेड सुमारे ६ लाख ९८ हजार. दोन दिवसांच्या कार्यक्रमाचे दोन लाख व्याज. मोबाईलच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यात तर व्याज बहुधा रोखीवर मिळणाऱ्या सवलतीत लपलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि त्यावर जीएसटी. दुकानात आधी रोख भाव विचारावा, हप्त्याचा शब्द नंतर काढावा. उलट क्रमानं विचारलं की रोख भाव कळतच नाही.

नाती कशी सैल होतात

शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ पासून अनेक देशांतल्या लोकांची मूल्यं तपासली आणि ती एका वर्तुळात मांडली. सत्ता, संपत्ती, प्रतिष्ठा एका बाजूला येतात, इतरांचं भलं, निसर्ग, समता समोरच्या बाजूला. समोरासमोरची मूल्यं एकाच वेळी जोरात चालवणं अवघड जातं. पैशाबद्दल २००६ पासून काही गाजलेले प्रयोगही झाले, नोटांची आठवण करून दिली की माणूस लगेच कमी मदत करतो असे. ते पुन्हा करून पाहिल्यावर पुष्कळसे टिकले नाहीत, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर तसलं काही आलं तर सोडून द्यावं.

खरी झीज वेळेच्या वाटेनं होते. पैऱ्याचं उदाहरण घ्या. आज तुमच्या रानात आम्ही, परवा आमच्या रानात तुम्ही, हे चालायला दोन्ही घरांत मोकळा माणूस लागतो आणि केलेलं फेडायची खात्री लागते. घरातला मुलगा हप्त्यासाठी ओव्हरटाइमला गेला की त्याला परवा येता येत नाही. मग तुम्ही मजूर लावता. मजूर लावला की शेजाऱ्याचं काही देणं उरत नाही. एकदा हिशेब रोखीत मिटायला लागला की आजारपणात रात्री दवाखान्यात न्यायला कुणाला हाक मारायची, हा प्रश्न उभा राहतो. कुणी मुद्दाम स्वार्थी झालेलं नसतं.

खर्चाची दिशा बदलली की काय होतं यावर एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅक्निन आणि मायकेल नॉर्टन यांचा २००८ चा प्रयोग आहे. ४६ जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. निम्म्यांना सांगितलं, संध्याकाळी पाचच्या आत स्वतःवर खर्च करा, निम्म्यांना, दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेले जास्त आनंदी निघाले. रक्कम पाच की वीस, यानं फरक पडला नाही.

‘वस्तूंपेक्षा अनुभव विकत घ्या’ हा सल्लाही याच कुळातला. लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये तो पुढं आणला. पण २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की हा फायदा मुख्यतः सुस्थितीतल्यांना होतो. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांना टिकाऊ वस्तूतून तेवढंच किंवा जास्त समाधान मिळतं. ते बरोबरच आहे, सहल संपते आणि फ्रिज राहतो. शिवाय अनुभवही दाखवण्यासाठी घेतला की त्याची वस्तू होते. कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलांपेक्षा ड्रोनकडं बघणारी जोडपी पाहिली की वेगळा पुरावा लागत नाही.

मुलांच्या बाबतीत

वस्तूंची ओढ वयाप्रमाणे बदलते. लॅन चॅप्लिन आणि डेबोरा जॉन यांनी २००७ मध्ये दाखवलं की ती ८-९ वर्षांपासून वाढत १२-१३ ला सगळ्यात जास्त होते आणि १६-१८ पर्यंत उतरते. स्वतःबद्दलचं मत नेमकं उलट चालतं. त्यांनी एक गोड प्रयोग केला. मुलांना कागदी ताटल्या दिल्या, त्यांवर सोबत्यांनी त्यांच्याबद्दल लिहिलेले चांगले शब्द होते. ते वाचल्यावर मोठ्या मुलांची वस्तूंची ओढ चांगलीच खाली आली. सातवी-आठवीतला मुलगा महागड्या बुटांसाठी हट्ट धरतो तेव्हा बूट हा अर्धा विषय असतो.

दहावीला नव्वद टक्के पडले तर मोबाईल, ही पद्धत घरोघर आहे. रिचिन्स आणि चॅप्लिन यांच्या २०१५ च्या अभ्यासात, ज्यांना लहानपणी प्रेम आणि शाबासकी वस्तूंच्या रूपात जास्त मिळाली ती मोठेपणी वस्तूंवरून स्वतःला आणि इतरांना जोखताना दिसली. मोबाईल लागणार असेल तर तो कॉलेजला लागतो म्हणून द्यावा. टक्क्यांना बांधला की तो मुलाच्या किमतीचा दाखला होतो.

कॅसर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ७१ किशोरवयीन मुलांवर एक उपाय तपासला. पालकांसह तीन बैठका, विषय एकच: पैशाचे तीन भाग, खर्च, बचत, दुसऱ्यांसाठी. पुढचे काही महिने पाहिलं तर ज्या मुलांची वस्तूंची ओढ आधी जास्त होती त्यांचा आत्मविश्वास वाढला होता. घरी करायला सोपं आहे. खाऊच्या ५० रुपयांचे ३०, १५ आणि ५ असे तीन डबे. ‘दुसऱ्यांसाठी’ चा डबा कुणासाठी फोडायचा हे मुलालाच ठरवू द्यायचं. तिथं मोठ्यांनी ठरवलं की तो कर होतो आणि मुलं कर चुकवायला शिकतात.

एकट्यानं होत नाही ते

स्वतःपुरतं काय करावं ते वर आलंच: घटत्या शिलकीचा दर विचारणं, दिसण्याचा खर्च वेगळा मांडणं, बिल जमा झाल्यावर मोठी खरेदी महिनाभर यादीत ठेवणं. पण तुलनेची शर्यत एकट्यानं सोडता येत नाही. एकट्यानं साधं लग्न केलं तर गाव म्हणतं, अडचणीत दिसतोय. शंभर घरांनी ठरवून केलं तर कुणी काही म्हणत नाही.

टॉवेल-टोपीचा आहेर हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. लग्नात मानकऱ्यांना, सोयऱ्यांना टॉवेल-टोपी, बायकांना साडी किंवा खण. गठ्ठ्यानं घेतलेला टॉवेल ६० रुपये, टोपी २०. अडीचशे माणसांचे २०,००० रुपये. तो टॉवेल पाणी शोषत नाही, टोपी डोक्यावर बसत नाही. घरी आल्यावर तो कपाटात जातो आणि पुढच्या लग्नात घडीसकट दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. देणाऱ्याला नको, घेणाऱ्याला नको, तरी थांबत नाही, कारण पहिल्यांदा जो थांबेल त्याच्याच घरी ‘मान दिला नाही’ म्हणून पाव्हणा रुसतो. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायला लागल्यापासून काही घरांत हे सुटलं. घरी बसून तोंडी सांगितलं असतं तर सुटलं नसतं. छापल्यामुळं सगळ्यांना एकाच वेळी तेच कळतं, आणि न आणणाऱ्याला ती पत्रिकाच आधार होते.

या मुलखाला असं ठरवून करण्याची जुनी सवय आहे. जोतीराव फुले मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी कमी खर्चाच्या सत्यशोधक लग्नांना सुरुवात झाली. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात चाललं, तेव्हा सांगलीचा बराच भाग याच जिल्ह्यात होता. न्यायदान मंडळं आणि दारूबंदी यांच्याबरोबर त्यांनी गांधी पद्धतीची साधी लग्नंही लावली. लोकांना ती परवडली याचं एक कारण असं की पुढाऱ्यांच्या घरची लग्नंही तशीच लागत होती.

अगदी अलीकडचं उदाहरण कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे, असं तिथं २०२२ मध्ये गावानं ठरवलं. मुलांच्या अभ्यासासाठी सुरू झालेली ही गोष्ट तुलनेच्या दृष्टीनंही बघण्यासारखी आहे. दीड तास कुणाचं नवं घर, कुणाचा वाढदिवसाचा केक, कुणाचं प्री-वेडिंग समोर येत नाही. एकाच घरानं मोबाईल बंद ठेवला असता तर त्या घरातलं पोर शेजारच्या घरात जाऊन बसलं असतं.

लग्नखर्चाचा ठराव ग्रामसभेत किंवा भावकीत करायचा असेल तर शब्द मोघम नकोत. ‘लग्नं साधेपणानं करावीत’ हा ठराव कुणी मोडतच नाही, कारण तो मोडला हे सिद्धच होत नाही. ‘डीजे नाही, आहेर नाही, जेवणात एकच गोड पदार्थ, साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी’ हे मोजता येतं. चारच कलमं पुरे, दहा झाली की पहिल्याच हंगामात चारपाच गळतात. दंड ठेवू नये. ऐपतवाला दंड भरतो आणि डीजे लावतो, मग दंड हीच त्याच्या थाटाची पावती होते. कायद्यानंही अशी वसुली बसत नाही.

आणि सुरुवात गावातल्या सगळ्यात मोठ्या घरापासून व्हायला हवी. गरिबाच्या घरचं लग्न ठरावाबरहुकूम लागलं तर लोक ठरावाला गरिबी समजतात. ट्रॅक्टर, बंगला आणि दीडशे टनाचा ऊस असलेल्या घरानं पहिलं लग्न तसं लावलं की पुढच्या दहा घरांना कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. असं घर तयार नसेल तर ठराव पुढच्या ग्रामसभेवर टाकावा आणि तोवर त्या घरी जाऊन बसावं.